पुस्तक अजून वाचून व्हायचंय आणि मत आत्ताच द्यायचंय: क्रमवार पद्धत

"सध्या काय वाचताय?" या प्रश्नाला बहुतेकांची उत्तरं ठरलेली असतात. काहीजण "छान आहे, तूही वाच" म्हणून मोकळे होतात. काहीजण पहिल्या पानापासून गोष्टच सांगत सुटतात आणि ऐकणाऱ्याला पुस्तक उघडायचं कारण उरत नाही. सगळ्यात उपद्रवी तिसरे. साठ पानं वाचतात आणि अख्ख्या पुस्तकाचा निकाल लावतात. "शेवटपर्यंत पकड सुटत नाही" असं सांगतात, आणि शेवट अजून दोनशे पानं लांब असतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळा सारखाच शिजलेला असतो. पुस्तकाचं तसं नसतं. चालू वाचनावरचं मत कुठल्या पानावर उभं राहून दिलंय हे सांगितलं तरच त्याला अर्थ राहतो. तेवढं पाळलं तर या मताला एक गुण आहे जो परीक्षणात कधी येत नाही: शंका आणि अंदाज अजून जिवंत असतात. पुस्तक संपलं की जो तो "मला आधीच कळलं होतं" म्हणतो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक कादंबरी घेऊ. वडील वारल्यावर तीन भावंडं जुनं घर रिकामं करायला एकत्र येतात. निवेदन धाकट्या बहिणीचं. एकूण ३२० पानं, त्यांपैकी १४० वाचून झालीत.

## १. वाचताना फक्त खुणा करा

वाचता वाचता मतं लिहू नका. वाचनाची लय तुटते, आणि पानाच्या कडेला घाईत लिहिलेलं मत पुढे स्वतःलाच बांधून ठेवतं. पुस्तक स्वतःचं असेल तर समासात पेन्सिलीने तीनच खुणा करा:

- उद्गारचिन्ह: इथे थांबलो. आवडलं, चिडलो, हसलो, काहीही.
- प्रश्नचिन्ह: कळलं नाही किंवा पटलं नाही.
- बाण: याचं पुढे काहीतरी होणार.

पहिल्या दोन खुणा सगळेच करतात. बाण कोणी करत नाही, आणि नंतर सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. कपाटाची किल्ली सापडत नाही असा उल्लेख ३१व्या पानावर आला आणि तुम्हाला तो खटकला, तर तिथे बाण हवा. शंभर पानांनंतर ती जागा शोधून सापडणार नाही.

पुस्तक उसनं किंवा वाचनालयाचं असेल तर पान क्रमांक, खूण आणि दोन-तीन शब्द एका चिठ्ठीवर लिहा आणि तीच चिठ्ठी वाचनखूण म्हणून वापरा. चिकटणाऱ्या चिठ्ठ्या जुन्या, ठिसूळ कागदावर लावू नका. काढताना कागदाचा पापुद्रा सोबत निघतो.

रंगीत पेनाने ओळीच्या ओळी रंगवणं तर सोडूनच द्या. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या १० प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला, त्यात अधोरेखन कमी उपयोगाच्या गटात गेलं. रेघ मारली की काम झाल्यासारखं वाटतं, खरी अडचण ती आहे.

> सावधान: या काळात दुसऱ्यांची परीक्षणं वाचू नका. गाजलेल्या जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांना जोडलेल्या अभ्यासपूर्ण प्रस्तावनाही शेवटी वाचा. त्या पुस्तक वाचून झालेल्यांसाठीच लिहिलेल्या असतात आणि शेवट बिनदिक्कत सांगून टाकतात.

## २. थांबायची जागा निवडा

प्रकरणाच्या किंवा भागाच्या शेवटी थांबा. प्रकरणाच्या मधे थांबलात तर लेखकाने अर्धवट मांडलेल्या गोष्टीला तुम्ही उणीव म्हणाल. मोठा धक्का बसला त्याच पानावरही थांबू नका. त्या भरात आधीच्या शंभर पानांचं काही आठवत नाही. अजून एक प्रकरण वाचा, मग थांबा.

किती वाचल्यावर बोलावं? कादंबरीचा पाचवा हिस्सा तरी झालेला असावा असं माझं मत आहे. त्याआधी बोलायचंच असेल तर फक्त सुरुवातीबद्दल बोला.

ठिकाण नोंदवताना नुसता पान क्रमांक पुरत नाही, कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात. प्रकरणाचा क्रमांक द्या. ई-बुक असेल तर टक्क्यांवर विसंबू नका. वैचारिक पुस्तकात मागच्या टिपा, संदर्भ आणि सूचीही त्या १०० टक्क्यांत धरलेल्या असतात. कित्येकदा मजकूर ७० ते ८० टक्क्यांवरच संपतो. म्हणजे "६० टक्के झालंय" म्हणणाऱ्याचं पुस्तक खरं तर संपत आलेलं असतं. ऑडिओबुक असेल तर तेही सांगा. वाचणाऱ्याचा आवाज आणि तुम्ही लावलेला वेग, दोन्हींचा मतावर परिणाम होतो. दीडपट वेगाने ऐकून "भाषेत फार घाई आहे" म्हणणं लेखकावर अन्याय आहे.

> तपासा: प्रकरण, आवृत्ती, छापील की ई-बुक की ऑडिओ, आणि अनुवाद असल्यास अनुवादकाचं नाव. चारही लिहिलंत?

## ३. पुस्तक मिटा आणि आठवून लिहा

हा टप्पा लोक गाळतात आणि थेट खुणा चाळायला लागतात. मग मत म्हणजे खुणा केलेल्या वाक्यांची जंत्री होते.

पुस्तक बाजूला ठेवा आणि दहा मिनिटं फक्त आठवणीतून लिहा. कोणता प्रसंग आधी आठवतो? कोणाचं नाव आठवत नाही? काय कळून घ्यायची घाई झालीय? वाक्यं नीट नसली तरी चालेल. हे थांबलात त्याच दिवशी करा. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेल्यातलं सगळ्यात जास्त विसरणं पहिल्या काही तासांतच होतं, नंतर त्याचा वेग मंदावतो. त्याने पाठ केली होती निरर्थक अक्षरं. कादंबरी त्याहून बरी लक्षात राहते, पण तपशील तसेच गळतात.

आता पुस्तक उघडा आणि ताडून पाहा. नावं, प्रसंगांचा क्रम, कोण कोणाला काय म्हणालं. अवतरण देणार असाल तर शब्द न् शब्द, विरामचिन्हांसह. आठवणीतलं अवतरण बहुधा मूळ वाक्यापेक्षा जरा जास्त गुळगुळीत असतं. अवतरणचिन्हांत घातलं की ते लेखकाच्या नावावर जातं.

ताडताना जी चूक सापडेल तिच्याकडेही बघा. तिन्ही भावंडं एकत्र जेवली असं तुम्हाला आठवतंय, आणि पुस्तकात थोरला बाहेरच्या ओसरीवर बसलेला आहे. तो तुमच्या नजरेतून का सुटला? कदाचित तो सुटावा असंच लिहिलेलं असेल. मताला विषय मिळाला.

## ४. तीन ढीग करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लिहिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे ते कोणत्या ढिगातलं हे लिहा.

पुस्तकात काय आहे. दुसऱ्याला पान उघडून दाखवता येईल असं. "थोरल्या भावाचं बोलणं आतापर्यंत एकदाही थेट आलेलं नाही. तो काय म्हणाला ते बहीण आपल्या शब्दांत सांगते."

मला काय झालं. "त्यामुळे मला त्याचा राग येतो, पण तो राग माझा की तिचा, हे ठरवता येत नाही."

पुढे काय होईल असं वाटतं. "कुठल्यातरी प्रकरणात तो स्वतः बोलेल आणि तेव्हा बहिणीचं सांगणं तपासावं लागेल."

पहिल्या मसुद्यात ही तीन वाक्यं बहुधा एकाच वाक्यात कोंबलेली असतात: "थोरल्या भावाचं पात्र एकांगी रंगवलंय." त्यात निरीक्षण, भावना आणि भाकीत सगळं आहे, पण वेगळं काढता येत नाही. शिवाय लेखकावर आरोपही करून झाला. आरोप खरा ठरेलही, पण १४०व्या पानावर तो करायला पुरावा नाही.

मग चाळणी लावायची ती अशी. वाक्यातलं पुस्तकाचं नाव बदलून दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाचं घाला. वाक्य तरीही चाललं, तर ते काढून टाका. "ओघवती भाषा", "खिळवून ठेवणारं कथानक", "मनाला भिडतं", "वाचनीय" ही मंडळी इथेच गळतात. "संथ आहे" हे तर सर्वांत फसवं. संथ म्हणजे नेमकं काय? घटना कमी आहेत, वर्णनं लांब आहेत, की एकच गोष्ट तीनदा सांगितली जातेय? तिन्हींवर वाचणाऱ्याचं मत वेगवेगळं पडेल. लांब वर्णनं आवडणाराही कोणी असतो. त्याच्यासाठी तुमची तक्रार म्हणजे शिफारस आहे.

यानंतरच्या चुका ठरावीक आहेत.

*निवेदकाचं मत लेखकाच्या गळ्यात घालणं.* बहीण म्हणते की आई कमकुवत होती. लगेच "लेखकाचा स्त्रियांकडे बघण्याचा दृष्टिकोन जुनाट आहे" असं लिहू नका. निवेदक चुकीचा ठरावा म्हणूनही त्याला बोलकं करतात, आणि ते कळायला बहुधा उत्तरार्धात जावं लागतं. आत्ता लिहिता येईल ते एवढंच: "आईबद्दल आतापर्यंत जे कळतं ते तिच्या कपाटातल्या वस्तूंवरून आणि मुलीच्या शेऱ्यांवरून."

*"लेखकाने अमुक विषयाला हातच घातला नाही."* वैचारिक पुस्तकाबद्दल हे म्हणण्याआधी अनुक्रमणिका आणि मागची सूची उघडा. नववं प्रकरण त्यावरच असतं, आणि तुम्ही चौथ्यात असता.

*स्वतःच्या वाचनाचा दोष पुस्तकाला लावणं.* रोज झोपताना पाच-सात पानं वाचली तर पात्रांची नावं गोंधळतातच. "पात्रांची गर्दी आहे" म्हणण्याआधी एकदा सलग तासभर वाचून बघा. तरी गोंधळ राहिला तर खुशाल लिहा.

*अनुवादाच्या भाषेवरून मूळ लेखकाच्या शैलीबद्दल बोलणं.* तुमच्या समोर आहे ती अनुवादकाची मराठी. कौतुक असो की तक्रार, पत्ता बरोबर लिहा.

> तपासा: तिन्ही ढिगांत काही ना काही आहे? फक्त दुसऱ्याच ढिगात असेल तर पुस्तक उघडून कारण शोधा. फक्त पहिल्यात असेल तर तुम्ही सारांश लिहिलाय.

## ५. ऐकणारा कुठे उभा आहे?

ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याला वातावरण, मांडणी आणि वाचायला लागणारी तयारी सांगा. तुमच्याबरोबर वाचणाऱ्याला सरळ पुरावा आणि अंदाज सांगा, पण आधी तो कुठवर पोचलाय ते विचारा. वाचून झालेल्याशी बोलायचं तर पहिलं वाक्य हेच हवं: "मी नवव्या प्रकरणाच्या शेवटी आहे, पुढचं काही सांगू नका." नुसतं "स्पॉयलर नको" पुरत नाही. त्याला तुमची हद्द माहीत नसते, आणि आठव्यात काय घडतं नि दहाव्यात काय, हे वाचून झालेल्याच्या डोक्यात वेगळं राहिलेलं नसतं.

रहस्यभेदाबद्दल माझा नियम साधा आहे. मलपृष्ठावर छापलेलं आणि पहिल्या प्रकरणातलं मोकळेपणी सांगावं, त्यापुढचं विचारून. यावर कोणीतरी हटकून सांगतो की शेवट कळल्याने गोष्टीची मजा जात नाही असं सिद्ध झालंय. जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांचा २०११ मधला तो प्रयोग खराच आहे. त्यांनी १२ लघुकथा वापरल्या आणि शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा सरासरीने थोड्या अधिक आवडल्या. पण त्या प्रयोगासाठी हातात दिलेल्या छोट्या कथा होत्या. स्वतः निवडून आठवडाभर सोबत बाळगलेली कादंबरी वेगळी. शिवाय नंतरच्या काही प्रयोगांत उलट निष्कर्षही निघाले. त्या १२ कथांच्या जोरावर दुसऱ्याचा शेवट फोडायचा परवाना मिळत नाही.

उघड न दिसणारे रहस्यभेदही असतात. "सहाव्या प्रकरणात जबरदस्त कलाटणी आहे" म्हटलं की वाचणारा पाचव्यापासूनच दबा धरून बसतो. "या पात्रात फार जीव गुंतवू नकोस" हे तर मृत्यूची बातमी दिल्यासारखंच. आणि रहस्यकथेत तुमचा अंदाज जर बरोबर निघाला, तर तुम्ही तो सांगितला त्याच दिवशी रहस्य फोडलेलं असतं, फक्त तुम्हाला पत्ता नसतो. असे अंदाज वहीत लिहा, किंवा तुमच्याच प्रकरणावर असलेल्यालाच सांगा.

## ६. या क्रमाने लिहा

१. मी कुठे आहे: प्रकरण, आवृत्ती किंवा स्वरूप.
२. पुस्तक कशाबद्दल आहे: दोन वाक्यं, तिसरं नको.
३. एक निरीक्षण, पुराव्यासह.
४. त्याचा माझ्यावर झालेला परिणाम.
५. खटकलेलं, असेल तर.
६. पुढची अपेक्षा किंवा प्रश्न.

एकच निरीक्षण म्हणजे एकच. पाच निरीक्षणं आली की प्रत्येकाला एक विशेषण मिळतं आणि पुरावा कशालाच मिळत नाही.

खटकलेलं पाचव्या जागी ठेवलंय त्याला कारण आहे. सॉलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये एका माणसाचं वर्णन करणारे सहा शब्द लोकांना ऐकवले. काहींना "बुद्धिमान, मेहनती" पासून सुरू होऊन "हट्टी, मत्सरी" वर संपणारी यादी, तर काहींना तीच यादी उलटी. शब्द तेच, पण चांगल्याने सुरुवात झालेल्यांचं मत जास्त अनुकूल झालं. तक्रारीने सुरुवात केलीत की तुमचं पुढचं कौतुकही लोक तक्रारीच्या चष्म्यातूनच ऐकतात. पूर्ण वाचलेल्या वाईट पुस्तकाबद्दल तसं जरूर करा. अर्ध्यावर असताना नको.

आता दोन नमुने. आधी नेहमीचा:

"खूपच सुंदर कादंबरी! भाषा ओघवती. भावंडांच्या नात्याचं प्रभावी चित्रण. सुरुवात जरा संथ आहे पण नंतर पकड घेते. थोरल्या भावाचं पात्र अजून फुलवता आलं असतं. नक्की वाचा."

आणि हा वरच्या क्रमाने:

"छापील पहिली आवृत्ती, नवव्या प्रकरणाच्या शेवटी आहे. वडील गेल्यावर तीन भावंडं घर रिकामं करायला जमतात. सगळं धाकटी बहीण सांगते. थोरला भाऊ आतापर्यंत एकदाही स्वतःच्या शब्दांत बोललेला नाही. त्याने पाठवलेलं पत्रसुद्धा ती वाचून दाखवत नाही, सारांश सांगते. त्यामुळे मला त्याचा राग येतो आणि लगेच त्या रागाचा संशयही येतो. सामानाच्या याद्या मात्र फार झाल्या. चौथ्या आणि सातव्या प्रकरणांतल्या जवळपास सारख्याच वाटल्या. तो बोलणार आहे की नाही, एवढ्यासाठी पुढे वाचतोय."

दुसऱ्यात "सुंदर" हा शब्द कुठेच नाही, तरी पुस्तक हातात घ्यावंसं वाटतं. तक्रारही जास्त टोकदार आहे, कारण प्रकरणं दिलीत. उद्या कोणी त्या दोन याद्या शेजारी ठेवून तुम्हाला खोटं पाडू शकतो. मत असंच असावं.

> सावधान: पुस्तक संपेपर्यंत तारे किंवा गुण देऊ नका. आकड्यासोबत तुमचं पान क्रमांक जात नाही. तो पूर्ण पुस्तकाचा निकाल म्हणूनच मोजला जातो.

## इतर प्रकारांत काय बदलतं

कथासंग्रहात एक कथा वाचून झाली की तिच्यावर पूर्ण मत द्यायला हरकत नाही, संग्रहावर देऊ नका. कवितासंग्रहात एखाद-दुसरी ओळ उद्धृत करा. अख्खी कविता उतरवणं म्हणजे मत देणं नव्हे, शिवाय ती कवीची मालमत्ता आहे. आत्मचरित्रात माणसाला गुण देऊ नका, सांगण्याच्या पद्धतीबद्दल बोला. बालपणाची प्रकरणं वाचून "प्रामाणिक लेखन" असा शिक्का तर मुळीच नको, प्रामाणिकपणाची परीक्षा जिथे झाकण्यासारखं काही असतं तिथे होते. आरोग्य, पैसा, इतिहास अशा विषयांवरच्या पुस्तकातला दावा पुढे सांगताना "लेखकाच्या म्हणण्यानुसार" हे शब्द खाऊ नका, आणि त्या दाव्यामागे टीप आहे का ते पाहून घ्या.

## ७. मत दिल्यानंतर

"पुढे वाच, कळेल" असं उत्तर येणारच. त्यावर वाद घालू नका, आणि "म्हणजे काय होतं?" असंही विचारू नका. ज्याच्या डोळ्यांत चमक दिसतेय त्याला तुम्ही आयती संधी देताय. "पोचलो की बोलू" पुरेसं आहे.

मत बदललं तर जुनं खोडू नका. खाली प्रकरण लिहून नवी नोंद जोडा: "चौदावं प्रकरण. याद्यांबद्दलची तक्रार मागे घेतो, सातव्यातल्या यादीत एक वस्तू कमी होती." दोन नोंदींमधलं हे अंतर पूर्ण परीक्षणापेक्षा जास्त सांगतं.

पुस्तक संपल्यावर सगळे बाण एकदा बघा. कोणते लागले, कोणते हुकले, आणि कोणते लेखकच विसरला? तिसरी यादी मोठी निघाली तर ती तक्रार आता हक्काने करा, पानांसह.

आणि पुस्तक अर्ध्यात सोडलंत तर तसं स्पष्ट सांगा. कुठे सोडलं, का सोडलं, परत उचलण्याचा विचार आहे का. "अकराव्या प्रकरणात सोडलं. तीच आठवण चौथ्यांदा आली आणि त्यात नवं काही नव्हतं" हे रास्त मत आहे. "टुकार आहे, वेळ घालवू नका" म्हणायचं असेल तर उरलेली पानं वाचावी लागतील.